एका रोषणाईच्या छायाचित्राचा कालनिर्णय

बोरगावच्या आमच्या जुन्या घरात देवघरालगतच्या भिंतीवर एक छायाचित्र कित्येक वर्षे टांगलेले आहे. ते मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाचे असून रात्री घेतलेले आहे. कमानी, मनोरे आणि मधला घुमट यांच्या कडांवरून विजेच्या दिव्यांच्या माळा सोडलेल्या असल्यामुळे ती प्रचंड वास्तू काळ्या पाटीवर खडूने रेखाटल्यासारखी दिसते. आमचे आजोबा मुंबईस गिरणीत नोकरीला होते. त्यांनी हे चित्र गावी आणले. मागील बाजूस ‘मुंबई, रोषणाई’ एवढे दोनच शब्द शिसपेनने लिहिलेले आहेत. चित्र १५ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीचे, असे आमचे वडील सांगत. चुलते तितक्याच खात्रीने १ मे १९६० ही तारीख सांगत. आज दोघेही हयात नाहीत, आणि वाद मात्र भिंतीवर कायम आहे.

हा वाद केवळ तेरा वर्षांच्या अंतराचा नाही. १९४७ साली बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात होता. ती रोषणाई आमच्याच राजधानीची होती. १९५६ साली हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे दिवे मुंबईत लागले असतील, तर ते आमच्या गावाने शेजारच्या घरातील मंगलकार्याप्रमाणे उंबऱ्याबाहेरून पाहिले, असेच म्हणावे लागेल. तारीख बदलली की चित्राशी असलेले आमचे नातेही बदलते. म्हणून आम्ही ठरविले की, आता साक्ष चित्रालाच विचारावी. परंतु चित्राची साक्ष समजण्यासाठी रात्रीच्या छायाचित्रणाचा इतिहास थोडासा पाहणे अवश्य आहे.

रोषणाई आपल्याकडे जुनी आहे. देवळापुढील दीपमाळ ही दिव्यांसाठीच बांधलेली वास्तू होय. आमच्या परिसरापासून फार दूर नसलेल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात त्रिपुरी पौर्णिमेस आजही दिवे लागतात. मात्र अशा दिव्यांची स्मृती पिढ्यान्‌पिढ्या परिपाठाने टिकली, चित्राने नव्हे. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ इतक्या लवकर स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय सभासद तिला लाभले. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिकही पुढे आले. पण त्या काळी कोलोडियनचा लेप दिलेली काच ओली असेपर्यंतच उपयोगी पडे. आपल्या उष्ण हवेत ती काही मिनिटांत वाळे, आणि रात्रीच्या मंद उजेडाला त्याहून अधिक अवधी हवा असे. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले आणि शहरात गॅसचे दिवे १८६५ साली लागले. त्या दशकातील मुंबईच्या रात्री शोधावयाच्या तर त्या शब्दांतच शोधाव्या लागतात.

ही अडचण जिलेटिनच्या कोरड्या काचांनी दूर केली. १८८० नंतर त्या तयार मिळू लागल्या आणि छायाचित्रकाराला हवा तितका वेळ थांबता येऊ लागले. लंडनमध्ये पॉल मार्टिन याने १८९५-९६ च्या सुमारास रस्त्यांवरील दिव्यांची चित्रे घेतली. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्‌झ याने त्याच दशकात तोच प्रयत्न केला. मुंबईत याच सुमारास चित्राला योग्य अशा इमारती उभ्या राहिल्या. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने योजिलेले बोरीबंदर १८८८ मध्ये पुरे झाले, आणि समोरची महानगरपालिकेची इमारत १८९३ मध्ये. विजेने मात्र बराच वेळ घेतला. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. पण पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसकडे वळली. शहरास नियमित वीज मिळू लागली ती १९०५ पासून, आणि खोपोलीची जलविद्युत १९१५ पासून.

आता चित्राकडे वळू. त्यातील पहिली विलक्षण गोष्ट ही की, समोरच्या रस्त्यावर एकही माणूस नाही. रोषणाईच्या रात्री बोरीबंदरचा चौक ओस असणे संभवनीय नाही. याचे कारण यंत्रात आहे. भिंग काही मिनिटे उघडे राहिले की जे स्थिर असते तेच काचेवर उमटते. चालणारा माणूस कोणत्याही एका जागी पुरेसा थांबत नाही म्हणून तो पुसला जातो. मंद प्रकाशात काच अधिकच आळशी बनते: उजेड निम्मा झाला तर दुप्पट वेळ पुरत नाही, त्याहून जास्त द्यावा लागतो. कार्ल श्वार्ट्‌झशिल्ट या ज्योतिर्विदाने ताऱ्यांची छायाचित्रे घेताना या गोष्टीचे गणित एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले.

दुसरी गोष्ट आकाशाची. घुमटामागे आकाश किंचित उजळ आहे आणि माळांच्या मधल्या दगडी भिंतीही अंधुक दिसतात. जाणते छायाचित्रकार संधिप्रकाशात त्याच काचेवर अल्पकाळ इमारत घेत, कॅमेरा तसाच ठेवून अंधार पडण्याची वाट पाहत आणि मग दिवे घेत. म्हणजे ज्याला आपण ‘एका रात्रीचे चित्र’ म्हणतो त्यात सायंकाळ आणि रात्र अशा दोन वेळा एकत्र असू शकतात.

तिसरी गोष्ट कालनिर्णयाला खरोखर उपयोगी पडणारी. रस्त्यावर रुळांच्या बरोबर वरून प्रकाशाच्या दोन समांतर रेषा, एक खाली व एक वर, गेलेल्या आहेत. ती चालत्या दुमजली ट्रॅमची खूण होय. मुंबईत विजेची ट्रॅम १९०७ मध्ये सुरू झाली, दुमजली १९२० मध्ये आली, आणि शेवटची ट्रॅम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. तेव्हा चित्र १९२० ते १९६४ या काळातले, इतके निश्चयाने म्हणता येते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतील दिव्यांवर निर्बंध होते. ती वर्षे बहुधा वगळावी लागतील. परंतु उरलेल्या काळात १९३५ चा राजाचा रौप्यमहोत्सव बसतो, १९४७ बसते, १९५० चे प्रजासत्ताक बसते आणि १९६० ही बसते. दिव्यांत मुकुट नाही, अशोकचक्रही नाही. दिव्यांना रंग असले तरी कृष्णधवल काचेने ते आम्हांस सांगितले नसते.

वडील आणि चुलते यांच्यापैकी कोणाचेही म्हणणे आम्हांला सिद्ध करता आले नाही. हे कबूल करताना प्रथम आम्हांस थोडे वाईट वाटले. राजाच्या सन्मानार्थ लावलेले दिवे आणि राजा गेल्याच्या आनंदात लावलेले दिवे काचेवर सारखेच उमटतात, हे सत्य पचावयास कठीण आहे. वास्तू तीच, माळा त्याच. भेद होता तो चौकातील माणसांच्या मनांत, आणि माणसे तर काचेने टिपलीच नाहीत. त्या गर्दीत आमचे आजोबा असतील, तर तेही त्या रिकाम्या दिसणाऱ्या रस्त्यावरच कोठेतरी आहेत.

इतिहास शिकविणाऱ्यांनी अशी चित्रे वर्गात अवश्य दाखवावीत. पण दिवे कोणी व कशासाठी लावले, भिंग किती वेळ उघडे होते आणि चित्रात कोण दिसत नाही, हे तीन प्रश्न सोबत विचारावेत. शिवाय घरोघरी अशी चित्रे आहेत आणि ती कोणाची, केव्हाची हे सांगणारी माणसे वरचेवर कमी होत आहेत. ती आहेत तोवर विचारून चित्रामागे लिहून ठेवणे हे आपल्यापैकी प्रत्येकास करता येण्याजोगे काम आहे.

आम्ही आमचे चित्र खाली उतरविले आणि आजोबांच्या दोन शब्दांखाली शिसपेनने लिहिले: ‘१९२० ते १९६४ च्या दरम्यान. वडिलांच्या मते १९४७, चुलत्यांच्या मते १९६०.’ मग ते पुन्हा त्याच खिळ्याला लावले.