ग्रंथकार तोच प्रकाशक : परळ–करी रोड भागांतील एक प्रकरण (इ. स. १९२०–१९५६)

करी रोड स्थानकांतून बाहेर पडून लालबागेवरून उत्तरेस चाललें म्हणजे परळची पोयबावडी लागते. गिरण्यांची धुराडीं व चाळी यांकरितां हा भाग प्रसिद्ध. ग्रंथप्रकाशनाच्या इतिहासांत त्याचें नांव क्वचितच घेतलें जातें. गिरगांव, ठाकुरद्वार येथील छापखान्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, पण पोयबावडीविषयीं कोणी लिहीत नाहीं. तथापि स्वतः लिहावें, स्वतः छापावें आणि स्वतःच वाचकांपर्यंत पोंचवावें, या व्यवहाराचें एक महत्त्वाचें प्रकरण याच भागांत सुरू झालें. त्याची हकीकत येथें देत आहें.

ग्रंथकारानें पदरमोड करून पुस्तक काढणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. जुन्या मराठी ग्रंथांच्या शेवटीं आश्रयदात्यांच्या नांवांची यादी असते, ती आपल्या संग्राहकांच्या परिचयाची आहे. आगाऊ वर्गणी देणारे मिळाले म्हणजे पुस्तक निघे, न मिळाले तर हस्तलिखित माळ्यावर पडे. परंतु ज्या ग्रंथकाराचा वाचकवर्ग गरीब, बहुशः निरक्षर, आणि ज्याला आश्रयदाते लाभणें दुरापास्त, त्यानें काय करावें? डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्यापुढें हाच प्रश्न होता.

ते पोयबावडीजवळील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत अनेक वर्षें राहत होते. ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजीं निघाला. त्याची कचेरी डॉ. बाटलीवाला रस्त्यावर हरारवाला इमारतींत होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं २५०० रुपये दिले होते. आंबेडकर तेव्हां सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापक असल्यामुळें संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचें नांव घालण्यांत आलें. पत्र निघाल्याची जाहिरात रीतसर पैसे भरून ‘केसरी’कडे पाठविली असतां ती घेण्यांत आली नाहीं. दुसऱ्याच्या पानांत आपल्याला विकतहि जागा मिळत नाहीं, हा धडा या नकारानें शिकविला. पुढें ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) व ‘जनता’ (१९३०) हीं पत्रें त्यांनीं काढलीं, त्यांमागें हा अनुभव असावा असें मला वाटतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. विद्वानांच्या जगांत हा ग्रंथकार अपरिचित नव्हता. जातिसंस्थेच्या उत्पत्तीवरील त्यांचा निबंध मे १९१७ मध्यें ‘इंडियन अँटिक्वरी’ या आपल्याच अभ्यासाच्या मासिकांत आला होता. रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ मध्यें लंडनच्या पी. एस. किंग आणि सन या प्रकाशकांनीं काढला. म्हणजे नाण्यांवर व निबंधांवर लिहितांना त्यांस प्रकाशक व संपादक मिळत. अडचण आली ती निराळ्या विषयावर लिहितांना.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळानें १९३६ च्या वार्षिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांस देऊं केलें. भाषण इंग्रजींत तयार झालें, आणि तें मुंबईंतच छापावें असें त्यांनीं ठरविलें. एप्रिलमध्यें मंडळाचे हरभगवान मुंबईस आले. मजकूर पाहिल्यावर त्यांनीं १४ एप्रिलच्या पत्रांत कांहीं भाग गाळण्याची सूचना केली; वेदांच्या प्रामाण्यावरील विवेचन मंडळास नको होतें. आंबेडकरांनीं २७ एप्रिलच्या उत्तरांत एक स्वल्पविरामहि बदलण्याचें नाकारलें. परिषद बारगळली.

सभा नाहीं, श्रोते नाहींत, आणि भाषण तर तयार! दुसरा एखादा मनुष्य खर्च अंगावर पडला म्हणून हळहळला असता. आंबेडकरांनीं १५०० प्रती स्वखर्चानें छापून १५ मे १९३६ रोजीं प्रसिद्ध केल्या. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ तें हेंच. प्रास्ताविकांत त्यांनीं मंडळाशीं झालेला पत्रव्यवहारच छापून टाकला. पुस्तकाच्या तोंडीं मान्यवराचा अभिप्राय घालण्याची चाल आपणांस ठाऊक आहे; येथें अभिप्रायाच्या जागीं नकाराचीं पत्रें आलीं, आणि वाचकाचें कुतूहल जागें करण्यास त्यांहून चांगलें साधन सांपडलें नसतें. साधनें जशींच्या तशीं छापावीं, हा आपल्या मंडळींचाच दंडक. तो येथें पुस्तकाचा खपहि वाढवून गेला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

किंमत आठ आणे होती. गांधीजींनीं ‘हरिजन’च्या ११ जुलै १९३६ च्या अंकांत या पुस्तिकेचा परामर्श घेतला व कोणाहि सुधारकास तिच्याकडे दुर्लक्ष करतां येणार नाहीं असें म्हटलें, मात्र किंमत दोन आणे, निदान चार आणे असावी अशी सूचना केली. सूचना हितबुद्धीची होती यांत शंका नाहीं. पण किंमत उतरविण्याचा सल्ला देणारा छापखान्याचें बिल सहसा भरीत नाहीं, हेंहि खरें.

आतां एका समजाची छाननी करूं. ‘हरिजन’मधील लेखांमुळेंच हें पुस्तक खपलें, असें कोणी समजूं शकेल. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत ग्रंथकार स्वतः सांगतात कीं, पहिली आवृत्ति प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आंत संपली. १५ मेपासून मोजल्यास ही मुदत जुलैच्या मध्यास भरते. ‘हरिजन’चा पहिला लेख त्याच्या अवघे चार दिवस आधींचा. तेव्हां बहुतेक प्रती त्यापूर्वींच गेल्या असल्या पाहिजेत. खप या वादानें झाला नाहीं. वाद दुसऱ्या आवृत्तीच्या मात्र उपयोगीं पडला. १९३७ च्या त्या आवृत्तींत गांधीजींचे लेख व त्यांस दिलेलें उत्तर हीं परिशिष्टें म्हणून जोडलीं. गुजराती व तमिळ भाषांतरें तोंपर्यंत झालेलीं होतीं. मराठी, हिंदी, पंजाबी व मल्याळम भाषांतरें चालू असल्याचें त्याच प्रस्तावनेंत म्हटलें आहे. पुस्तक निबंधरूपानें पुन्हां लिहावें अशी सूचनाहि आली होती. त्यांनीं भाषणाचें रूप कायम ठेविलें. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तींत ‘इंडियन अँटिक्वरी’मधील जुना निबंधहि समाविष्ट झाला.

पुढें थॅकर कंपनीसारखे प्रकाशक त्यांस मिळाले, तरी छपाईच्या खर्चाची चिंता अखेरपर्यंत सुटली नाहीं. १४ सप्टेंबर १९५६ रोजीं त्यांनीं पंतप्रधान नेहरूंस पत्र लिहिलें : बुद्ध व त्याच्या धम्मावरील ग्रंथाच्या छपाईस सुमारें २०,००० रुपये लागत आहेत, सरकारनें ग्रंथालयांकरितां ५०० प्रती घ्याव्या. दुसऱ्याच दिवशीं उत्तर आलें कीं, बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठीं ठेवलेली रक्कम संपून गेली आहे. ६ डिसेंबरला ग्रंथकार निवर्तले. ग्रंथ १९५७ मध्यें सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनांत निघाला.

१९७९ मध्यें महाराष्ट्र सरकारनें काढलेल्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडांत हें भाषण आहे, त्यामुळें मूळ पुस्तिकेची आतां गरज काय, असें आपल्यांतील कांहीं जण म्हणतात. मला हें मत मान्य नाहीं. खंडांत उत्तरकालीन प्रस्तावना व परिशिष्टें एकत्र असल्यामुळें मे १९३६ मध्यें वाचकाच्या हातीं नेमकें काय पडलें तें दिसत नाहीं. आपण बखरींच्या प्रतीपाठांवर वर्षें घालवितों, आणि नव्वद वर्षांपूर्वींचीं छापील चोपडीं रद्दीवाल्याच्या तराजूंत जाऊं देतों. गिरणगांवांतल्या एखाद्या जुन्या बिऱ्हाडांत ही पुस्तिका आढळली, तर प्रथम शेवटचीं पानें पाहावीं. तेथें गांधीजींचे लेख नसले आणि पुढें दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना नसली, तर ती प्रत त्या पंधराशेंपैकीं असण्याचा संभव आहे; तिचीं पानें शिवण्यापूर्वीं वेष्टनासह पाहून ठेवावी.