आधी काय उघडायचे? निर्बंध शिथिल करण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता कोविडच्या साथीमुळे टाळेबंदीची घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद झाला. महाराष्ट्र पूर्णपणे उघडला तो थेट 2022 च्या गुढीपाडव्याला. मधल्या दोन वर्षांत दुकानांच्या वेळा, लग्नाला किती माणसे, लोकलमध्ये कोणी चढायचे, शाळा कधी भरवायची यांबद्दल आदेशामागून आदेश निघत राहिले. त्यातला प्रत्येक आदेश म्हणजे आरोग्य आणि अर्थकारण यांच्यात केलेली एक निवड होती. अशा निवडी कशा केल्या जातात आणि कशा करायला हव्यात, हा या विषयाचा गाभा आहे. साथरोगशास्त्र, अर्थशास्त्र आणि लोकप्रशासन या तिन्ही वाटांनी येणाऱ्यांचे येथे स्वागत आहे. कोणत्याच वाटेने न आलेल्या, पण ती वर्षे डोळसपणे पाहिलेल्या वाचकाचे तर विशेष.

सुरुवातीलाच एक समजूत बाजूला ठेवावी लागते. जीव की जीविका, एक पारडे वर गेले की दुसरे खाली, असे चित्र तेव्हा रोज रंगवले जाई. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन पहिल्या अंदाजानुसार 23.9 टक्क्यांनी घसरले, तेव्हा सारा दोष टाळेबंदीच्या माथी मारणे सोपे होते. पण शिकागो विद्यापीठातील ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हरसन यांनी त्याच वर्षी अमेरिकेतील ग्राहकांच्या मोबाइल फोनच्या नोंदी तपासल्या. दुकानांतली वर्दळ साधारण 60 टक्क्यांनी घटली होती आणि त्या 60 पैकी जेमतेम 7 टक्क्यांची घट सरकारी निर्बंधांमुळे होती. बाकीचे लोक भीतीने आपणहून घरी बसले होते. साथ फोफावत असेल तर दुकान उघडे ठेवूनही गिऱ्हाईक येत नाही.

हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे आणू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आपणहून घरी बसणे ज्याला परवडते त्याच्याविषयीचा तो निष्कर्ष आहे. ज्याचे पोट हातावर आहे तो भीती वाटली तरी बाहेर पडतो. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्ट्यांत सुमारे 57 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले, इतर वस्त्यांत सुमारे 16 टक्के. शहर एक, निर्बंध एक आणि धोका मात्र असा वाटला गेलेला. म्हणून राज्याचे किती नुकसान झाले याबरोबरच ते कोणाच्या वाट्याला आले, हा प्रश्न या अभ्यासात पहिल्या पानापासून हवा.

आता एका आदेशाकडे जवळून पाहू. 4 जून 2021 रोजी राज्य सरकारने जिल्ह्यांतले आणि शहरांतले निर्बंध उठवण्यासाठी पाच स्तर ठरवले. पॉझिटिव्हिटी दर, म्हणजे चाचण्यांपैकी बाधित निघालेल्यांचा टक्का, 5 टक्क्यांखाली आणि ऑक्सिजनच्या 25 टक्क्यांहून कमी खाटा भरलेल्या, तर पहिला स्तर. दर 20 टक्क्यांवर किंवा 75 टक्क्यांहून जास्त खाटा भरलेल्या, तर पाचवा. निकष आधी जाहीर केले, हे फार मोलाचे होते. व्यापाऱ्याला, पालकाला, जिल्हाधिकाऱ्याला पुढचा अंदाज बांधता येत होता. पण दोन्ही आकड्यांचे स्वभाव वेगळे. पॉझिटिव्हिटी दर कोणाच्या चाचण्या केल्या यावर हलतो; लक्षणे नसलेल्यांच्या भराभर चाचण्या केल्या की तो खाली येतो. खाटांचा आकडा अधिक भरवशाचा, पण तो उशिरा बोलतो, कारण संसर्ग झाल्यापासून ऑक्सिजन लागेपर्यंत बरेच दिवस जातात. तीन आठवड्यांतच सरकारने फक्त आरटी-पीसीआर चाचण्याच धरायच्या असे ठरवले आणि विषाणूच्या डेल्टा प्लस या प्रकाराच्या धास्तीने सगळ्या जिल्ह्यांना आणि शहरांना किमान तिसऱ्या स्तरावर आणले. मुंबई महापालिकेने तर त्याआधीच, आकडे अनुकूल असूनही, तिसऱ्या स्तराचे निर्बंध कायम ठेवले होते. दाट वस्ती आणि आसपासच्या जिल्ह्यांतून शहरात येणारी माणसे त्या पाच स्तरांच्या आकड्यांत मावत नव्हती.

तिसऱ्या स्तरात दुपारी चारला शटर खाली. किराणा दुकानाला हे कसेबसे निभावते. कपड्यांच्या दुकानाचे खरे गिऱ्हाईक संध्याकाळी सहानंतर, कामावरून सुटल्यावर येते. त्याचे भाडे मात्र पूर्ण महिन्याचे. शिवाय तीच माणसे कमी तासांत आली तर गर्दी घटते की दाटते? हे मोजून सांगता येण्यासारखे आहे, आणि मोजायला हवे होते.

मुंबईच्या लोकलची कहाणी मला या विषयाचे सर्वांत चांगले पाठ्यपुस्तक वाटते. साथीपूर्वी दिवसाला 75 लाखांहून अधिक प्रवासी वाहणारी ही गाडी 15 जून 2020 पासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये सर्व महिलांना परवानगी मिळाली, पण सकाळी 11 ते 3 आणि संध्याकाळी 7 नंतर. विरारहून सकाळी आठला अंधेरीत धुणीभांडी करायला पोहोचणाऱ्या बाईला या वेळेचा काय उपयोग? ती बस बदलत, दुप्पट वेळ आणि जादा पैसे घालवत जात राहिली, आणि संसर्गाचा धोका त्या बसमध्येही होताच. 15 ऑगस्ट 2021 पासून लसीचे दोन डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली. आरोग्याच्या दृष्टीने अट रास्त. पण 18 ते 44 वयोगटाचे लसीकरण मे महिन्यात सुरू झाले होते आणि कोविशील्डच्या दोन डोसांत किमान 84 दिवसांचे अंतर होते. रोजगाराच्या ऐन वयातली बहुसंख्य तरुण माणसे त्या दिवशी फलाटाबाहेरच राहिली.

शाळांबद्दल लिहिताना मन शांत राहत नाही. मुंबईत 5 ऑक्टोबर 2020 ला उपाहारगृहे आणि बार उघडले. पहिलीतल्या मुलाला शाळेचा वर्ग दिसला तो 15 डिसेंबर 2021 ला. हॉटेलमालकाचा तोटा त्याच महिन्याच्या हिशेबात दिसतो आणि त्यांची संघटना मंत्रालयात जाऊन तो मांडते. वाचायला न शिकलेल्या मुलाचा तोटा कळायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि त्याच्या वतीने निवेदन द्यायला कोणी जात नाही. जे लवकर मोजता येते ते जड ठरते. या विषयातली सारी अवघड गणिते या एका गोष्टीपाशी येऊन अडतात.

नव्या वाचकाने मोठी समीकरणे नंतर हाती घ्यावीत. आधी त्या काळातला एखादा मूळ आदेश घ्यावा, अगदी 4 जूनचाच, आणि समासात लिहीत जावे: या ओळीमुळे कोणाचा संसर्ग टळला, कोणाची मजुरी बुडाली, ती भरून द्यायची तरतूद आदेशात कुठे आहे, आणि कोणाचा उल्लेखच नाही.