लघु व मध्यम उद्योगांचे सामाजिक दायित्व : लातूर व नांदेड

सामाजिक दायित्व म्हणजे नफा कमावताना कामगार, पाणी आणि परिसर जपून उद्योग दीर्घकाळ टिकवण्याची रीत. कंपनी अधिनियम २०१३, कलम १३५ नुसार किमान ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात. लातूरच्या बहुतेक डाळमिल आणि नांदेडचे छोटे कारखाने या मर्यादेखाली. त्यांचा असा खर्च स्वेच्छेचा, म्हणून अधिक कसोटीचा.

पाण्याचेच पाहा: एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा लातूरच्या बाजारपेठेला पाण्याविना धंदा नाही हे कळून चुकले. त्याच टंचाईत ‘जलयुक्त लातूर’ चळवळीने लोकवर्गणी जमवून साई-नागझरी भागात मांजरा नदीचे पात्र खोल-रुंद केले. हे काम मोलाचेच. पण पात्र खोदून पाण्याचा उपसा आवरत नाही, आणि उपशाचा प्रश्न उरतोच. नांदेडात गोदावरीत मिसळणारे सांडपाणी ही मुख्य चिंता.

रोजचे दायित्व मिलच्या आवारातच असते: धूळ रोखणे, चुनी (डाळीचा उरलेला चुरा) पशुखाद्याला देणे, १९६९ च्या माथाडी कायद्याप्रमाणे हमालांना संरक्षण देणे. सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने घातले आहे.