पट न दाखवता खेळ

सोंगट्यांचा डाव रंगायचा तर पट समोर हवा. मग नुसत्या आवाजाने खेळाची गोडी लावायची कशी?

जर्मनीत १९७९ पासून वर्षातल्या उत्तम बैठ्या खेळाला पारितोषिक मिळू लागले. १९९५ साली ते 'काटान'ला मिळाले. कर्ता क्लाउस टॉयबर, पेशाने दातांच्या कवळ्या करणारा! १९ षट्कोनी तुकड्यांचे बेट मांडायचे. फासे पडतील तसे लाकूड, वीट, लोकर, धान्य, खनिज पदरात पडते. कमी असेल ते शेजाऱ्याशी अदलाबदल करून घ्यायचे. दुसऱ्याच्या डावातही आपल्याला काही मिळते, बाद कोणीच होत नाही. म्हणून सारे शेवटपर्यंत बोलत राहतात.

पण असा छंद असलेला माणूस गावात एकटाच असला तर? २००४ च्या सुमारास पॉडकास्टची सोय झाली. बोलणे ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवायचे, ज्याने त्याने सवडीने ऐकायचे. नभोवाणी केंद्राची गरज नाही! २००५ साली टॉम व्हासेल या अमेरिकन गृहस्थाने दक्षिण कोरियात राहून, एका सोबत्यासह, 'द डाइस टॉवर' सुरू केले. फासे वरून टाकले की आपटत खाली येतात, हातचलाखी चालत नाही, असा छोटा मनोरा असतो. त्याचेच हे नाव.

नियम वाचून दाखवले असते तर कोण ऐकत बसले असते? त्यांनी गप्पा मारल्या : हा खेळ का आवडला, तो का फसला. पुढे व्हासेल फ्लोरिडात आला, चित्रफिती काढू लागला. पट दिसू लागला, तरी नुसत्या ऐकण्याचा कार्यक्रम त्याने बरीच वर्षे चालूच ठेवला.