गुन्हा, जनमत आणि न्याय : एक प्रस्तावना

एखादा खून किंवा बलात्कार गाजला की आठ दिवसांत चौकात फलक लागतात, मूक मोर्चे निघतात, खटला जलदगती न्यायालयात चालवा आणि आरोपींना फाशी द्या, अशी मागणी सुरू होते. मागणी करणारी माणसं क्रूर नसतात. बहुतेकांच्या जिवाला खरोखरच लागलेलं असतं. हिंसक गुन्ह्यांच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला हा संताप बाजूला ठेवायला मी सांगणार नाही. ज्याला रागच येत नाही, त्याने या विषयाच्या वाटेला न गेलेलं बरं. मात्र लोकांची नीती आणि कोर्टाचा न्याय यांत बरोबर कोण, हे आधीच ठरवून येऊ नये. असं का म्हणतो, ते महाराष्ट्रातले दोन खटले शेजारी ठेवले की कळेल.

पहिला सगळ्यांना ऐकून माहीत असतो. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घालून ठार केलं. आपल्या पत्नीचे आहुजांशी संबंध आहेत, हे त्यांना त्याच दिवशी तिच्याकडून कळलं होतं. त्यांनी बायकामुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आहुजांच्या कचेरीत चौकशी केली आणि मग त्यांचं घर गाठलं. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. आहुजा नुकतेच आंघोळ करून बाहेर आले होते, कमरेला टॉवेल होता. एवढी झटापट झाली, तर टॉवेल जागचा हलला कसा नाही? या साध्या प्रश्नाला बचाव पक्षाकडे पटण्याजोगं उत्तर नव्हतं. तरीही ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. बाहेर ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे लावून धरली होती, आणि रुबाबदार, फसवल्या गेलेल्या अधिकाऱ्यावर मुंबईचा जीव जडला होता.

सत्र न्यायाधीशांना ज्यूरीचा कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं. तिथे १९६० मध्ये जन्मठेप झाली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दुपारी दीडला घर सोडलं आणि चार वाजून वीस मिनिटांनी खून झाला. मधला वेळ भानावर यायला पुरेसा होता, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली, ती गोष्ट वेगळी. (हा देशातला शेवटचा ज्यूरी खटला, असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. त्यानंतरही काही ठिकाणी ज्यूरी बसत होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला पुरता निरोप दिला.)

दुसरा खटला पार दुसऱ्या टोकाचा. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात चौदा ते सोळा वर्षांच्या एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. आरोपी दोन पोलीस. भावाने तक्रार केली होती, म्हणून जबाबासाठी ती तिथे आली होती. बाहेर थांबलेल्या तिच्या माणसांना ठाण्याचे दिवे मालवलेले आणि दार आतून लावलेलं दिसलं. सत्र न्यायालयाने तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवून आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, असं बजावलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, असा तर्क लावून दोघांनाही मोकळं केलं.

जवळपास वर्षभर कुठे काही हललं नाही. मग सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. (वसुधाताई म्हणजे गीता साने यांच्या कन्या. चंबळच्या डाकूंवर मराठीत पुस्तक लिहिणाऱ्या त्या गीता साने.) पत्रापाठोपाठ देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं स्त्रीने कोर्टात सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरावं, असं ठरलं. पीडितेचं नाव छापण्यावरही बंदी आली. तो खटला त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो, पण मी ते इथे लिहिलेलं नाही.

माझ्या मते पहिल्या खटल्यात लोक चुकले आणि दुसऱ्यात सर्वोच्च न्यायालय चुकलं. म्हणून जनमत हा न्यायाचा शत्रू आहे, असंही म्हणता येत नाही आणि मित्र आहे, असंही नाही. फरक एवढाच, की त्या चौघांनी निकाल ओळीओळीने वाचला होता, उच्च न्यायालयाच्या निकालाशी ताडून पाहिला होता आणि तर्क कुठे घसरला ते दाखवून दिलं होतं. नानावटींच्या चाहत्यांपुढे पुरावा नव्हता, नायक होता.

फाशीच्या प्रश्नातही हाच पेच आहे. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात ‘विरळातल्या विरळ’ प्रकरणापुरती फाशी, असा दंडक घालून दिला गेला. तीनच वर्षांनी माच्छी सिंग खटल्यात समाजाचं सामूहिक मन किती हादरलं, हे मापही त्यात आलं. पण समाजाचं मन सगळ्यांसाठी सारखं हादरतं का? २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांना जाग यायला काही आठवडे लागले. पुढे ॲट्रॉसिटी कायदा या हत्याकांडाला लागू होत नाही, असं न्यायालयांनी ठरवलं. हे वाचून जो अस्वस्थ होतो, त्याच्यासाठी या विषयात भरपूर काम पडलं आहे.

ते काम कागदांचं आहे. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, मुद्देमालाची यादी, साक्षीदारांचे जबाब, दोषारोपपत्र, उलटतपासणी. पंचनाम्यात जागेच्या चारही बाजू लिहिलेल्या असतात आणि खाली दोन पंचांच्या सह्या. कंटाळवाणा मजकूर, पण पंच फितूर झाला किंवा मुद्देमालाचं सील तुटलेलं निघालं, की गाजलेल्या खटल्याचा डोलारा तिथेच खाली येतो. लोक मग न्यायाधीशाला शिव्या घालतात. तपास ढिसाळ झाला म्हणून मोर्चा निघालेला मात्र क्वचितच दिसतो.

या पुस्तकाच्या वाचकाला सुरुवातीला दोनच गोष्टी सुचवतो. वरच्या दोन खटल्यांचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मुळातून वाचा. दोन्ही सहज मिळतात आणि देसाईगंजचा तर अगदी आटोपशीर आहे. आणि एक दिवस आपल्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसा. बंद दाराआड चालणारी प्रकरणं सोडली, तर फौजदारी खटले सर्वांना खुले असतात.