बुर्जी

पावसाची झड लागली की आमचे आबा नरडाण्यात मारुतीच्या ओट्यावर कापडी पट पसरायचे. तेव्हाचं बुद्धिबळ देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. आणि एकाची सारी मोहरी मरून राजा एकटा उरला की 'बुर्जी', म्हणजे डाव तिथंच बरोबरीत. म्हणून जबर गडी समोरच्याचं एखादं प्यादं मुद्दाम जिवंत ठेवी अन् मग मात करी. मी दहा वर्षांचा असताना आबांनी घाईत माझा शेवटचा घोडा मारला. "मी हारनू नही, आबा!" म्हणून मी गावभर नाचलो. आबा दोन दिवस बोलले नाहीत.

2025 च्या जुलैत कपाशीची निंदणी चालू होती, तेव्हा ही गोष्ट आठवली. जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. एकीकडे 38 वर्षांची कोनेरू हंपी, 2002 सालीच ग्रँडमास्टर झालेली, दोनदा जगज्जेती जलद खेळात. दुसरीकडे आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय 19, मानांकन पंधरावं. ग्रँडमास्टर व्हायला जे नॉर्म लागतात त्यातला एकही तिच्याकडे नव्हता.

26 तारखेचा पहिला डाव बरोबरीत सुटला. मुलगा मोबाइलवरून सांगत होता, लोक म्हणतायत पोरीनं झाक केलं, हंपीला रोखलं. पण त्या डावात वरचढ दिव्याच होती! हातातली जीत निसटून बरोबरी झाली होती. लहान गडी म्हणून आपण तिला शाबासकी देत होतो, अन् ती मात्र आबांसारखी चुटपुटत असणार, असं मला वाटलं. माझी बुर्जी फुकटची होती, तिची बरोबरी तोट्याची. दोन्हीला नाव एकच.

27 ला दुसरा डाव, काळी मोहरी तिच्याकडे. तोही बरोबरीत. 28 ला जलद डाव झाले, त्यातला पहिलाही तसाच सुटला. दुसऱ्यात पुन्हा काळी मोहरी घेऊन तिनं हंपीला हरवलं. विश्वचषक मिळाला आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताबही, भारतातला 88 वा.

आईच्या गळ्यात पडून ती रडली, ते मी बांधावर उभं राहून पाहिलं. निंदणाऱ्या बायांना बोलावलं, त्यांनाही दाखवलं.