हौस कुणाची, तारण कुणाचे?

‘हौशी’ हा शब्द मराठीत मोठ्या कौतुकाने वापरला जातो. हौशी नट, हौशी गायक, हौशी छायाचित्रकार. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून जो कलेची सेवा करतो तो हौशी, अशी या शब्दाची ढोबळ व्याख्या. या व्याख्येत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. त्या माणसाचे पोट आधीच भरलेले आहे आणि त्याची संध्याकाळ त्याच्या मालकीची आहे. गावगाड्यात ज्यांची सकाळसुद्धा त्यांच्या मालकीची नव्हती, त्यांच्या कलेला मराठी भाषेने कधी हौस म्हटले नाही. पाटलाच्या लग्नात मांगाने हलगी वाजवली ती हौस नव्हे, ते बलुत्याचे काम. कोल्हाटणीने फडावर पाय थिरकवले ती हौस नव्हे, तो धंदा. तीच लावणी पांढरपेशा घरातली मुलगी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात करते तेव्हा ती हौस होते, आणि तिला कपही मिळतो. कला एकच. करणाऱ्याची जात पाहून भाषा तिला नाव देते.

हा विचार पुन्हा वर आला तो एका हौशी लघुपट महोत्सवाच्या पारितोषिक वितरण समारंभामुळे. मी तेथे प्रेक्षक म्हणून गेलो होतो. सभागृह चांगले होते. मंचावर नटराजाची मूर्ती, शेजारी दादासाहेब फाळके यांची तसबीर, समई, पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ असा रिवाजाप्रमाणे सगळा थाट होता. दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले, आणि मग बक्षिसे जाहीर होऊ लागली. प्रथम, द्वितीय, तृतीय. त्यानंतर सूत्रसंचालकाने आवाज थोडा खाली आणून ‘उत्तेजनार्थ’ असे म्हटले आणि नगरपालिकेच्या सफाई कामगाराच्या मुलाचे नाव पुकारले. त्याने मोबाइलवर अकरा मिनिटांचा लघुपट केला होता. पहाटे वस्तीतून निघणारा बाप, गटाराचे उघडे तोंड आणि घरी आल्यावर अंघोळीआधी दाराबाहेर थांबणारा तोच बाप, एवढेच त्यात होते. संवाद जवळजवळ नव्हतेच. परीक्षकांच्या वतीने बोलणारे गृहस्थ म्हणाले की विषय दाहक आहे, पण तांत्रिक बाजू कच्ची आहे, कॅमेरा फार हलतो. मुलाने मानचिन्ह घेतले, नमस्कार केला आणि तो खाली उतरला. मागच्या रांगेत बसलेल्या त्याच्या वस्तीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगांनीही वाजवल्या, पण त्या टाळ्यांत पाठ थोपटण्याचा सूर अधिक होता.

त्या परीक्षकांवर माझा वैयक्तिक राग नाही. प्रश्न त्यांच्या मापाचा आहे. हे माप कुठून आले, ते पाहायचे तर हौशी चित्रपटाच्या इतिहासात मागे जावे लागते.

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा हे व्यवसायाने छायाचित्रकार. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण सावे दादांनी केले. म्हणजे विलायतेहून यश मिळवून आलेल्या एका ब्राह्मण विद्वानाचे स्वागत विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षी फिल्मवर उतरले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे पाणी प्यायला गेली, त्या वेळी हिंदी सिनेमाचा धंदा चांगला स्थिरावलेला होता. पण पाण्याला लागलेला तो हात फिल्मवर पकडायला कोणी हौशी माणूस धावून गेल्याचे आपल्या इतिहासात नोंदलेले नाही. हौस कुठे जाते आणि कुठे जात नाही, हेही समाजव्यवस्थेच्या वाटांवरच ठरते.

खुद्द फाळके यांचा आरंभही हौशी माणसाचाच होता. त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपून एक छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल मिळवले. त्याआधी आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढले, १९१२ मध्ये लंडनला जाऊन यंत्रसामग्री आणली. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. या माणसाच्या जिद्दीला कोणीही कमी लेखू नये. पण त्या जिद्दीच्या पोटात विम्याची पॉलिसी होती आणि अंगावरचे दागिने होते, हेही विसरू नये. हौसेला तारण लागते. ज्याच्याकडे तारण ठेवायला काही नाही, त्याची हौस मनातच मरते.

पश्चिमेकडे हे अधिक उघडपणे घडले. कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची फिल्म घरगुती वापरासाठी काढली. कॅमेरा, प्रोजेक्टर, पडदा अशा पूर्ण संचाची किंमत ३३५ डॉलर होती. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला हौशी चित्रपटकारांची ‘अमॅच्युअर सिनेमा लीग’ स्थापन झाली आणि पुढे ती दरवर्षी दहा उत्तम चित्रपट निवडू लागली. हौशी चित्रपटाला क्रमांक देण्याची प्रथा रुजली ती अशा सुखवस्तू लोकांच्या मंडळांत. स्थिर कॅमेरा, नेटकी जुळणी, डोळ्यांना सुखावणारा प्रकाश ही त्यांची मापे. ती वाईट नव्हती. पण स्वतःच्या बंगल्यामागच्या बागेत तिपाई रोवून निवांत चित्रण करू शकणाऱ्या माणसाची ती मापे होती.

त्याच वर्षांत, त्याच अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यात सॉलोमन सर जोन्स नावाचे एक काळे बाप्टिस्ट धर्मोपदेशक हातात १६ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन फिरत होते. १९२४ ते १९२८ या काळात त्यांनी काळ्या लोकांच्या वसाहती, चर्चमधून बाहेर पडणारी कुटुंबे, शाळा, दुकाने, धंदे यांचे चित्रण केले. १९२१ मध्ये गोऱ्यांच्या जमावाने टल्सा शहरातली काळ्यांची वस्ती जाळली होती. त्यानंतर पुन्हा उभे राहिलेले लोक या फिल्मवर दिसतात. जोन्स यांच्या २९ रिळांचा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेश झाला तो २०१६ मध्ये, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी. आम्ही आहोत, आम्ही जगलो, एवढे सिद्ध करण्यासाठी त्यांनी कॅमेरा धरला होता. निग्रो साहित्य आणि दलित साहित्य यांच्या नात्याची चर्चा आपण पुष्कळ केली. कॅमेऱ्याच्या नात्याची चर्चा अजून व्हायची आहे.

आपल्याकडे जोन्स यांच्या जातकुळीचा माणूस झालाच नाही असे मात्र कोणी समजू नये. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत अंत्ययात्रा निघाली. तिचे चित्रण झाले पाहिजे हे ज्यांना कळले ते नामदेव व्हटकर. त्यांनी आपला छापखाना गहाण टाकून पैसे उभे केले, कॅमेरा आणि फिल्म मिळवली, आणि तो जनसागर टिपला. त्या दिवशी लाखो लोक रडत होते. या माणसाला रडताना हिशेबही करावा लागला की किती फूट फिल्म उरली आहे. फाळक्यांनी पॉलिसी तारण ठेवली, व्हटकरांनी छापखाना. फरक एवढाच की फाळक्यांच्या तारणाची गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि व्हटकरांची गोष्ट आपल्याच पोरांना नव्याने सांगावी लागते. त्या समारंभाच्या मंचावर फाळक्यांच्या तसबिरीशेजारी जागा रिकामी होती. ती कोणाची, हे त्यामुळे मला कळले.

व्हटकरांच्या मागे एक परंपरा उभी होती. सत्यशोधकांचे जलसे, आणि १९३० नंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्यांनी उभे केलेले आंबेडकरी जलसे. या जलशांतले कलावंत गिरणीत, रेल्वेत, गोदीत राबणारे होते. पाळी संपली की ढोलकी-तुणतुणे घेऊन वस्त्यांत जात आणि रात्र जागवत. शब्दकोशाचा अर्थ लावला तर हेच खरे हौशी; कारण पोटाचा उद्योग वेगळा आणि कला वेगळी. पण १९५४ मध्ये राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि ‘हौशी रंगभूमी’ला राजमान्यता मिळाली, तेव्हा त्या नावाखाली जलसा मोजला गेला नाही. ज्याच्यामुळे माणूस मेलेले ढोर ओढायचे नाकारून उभा राहिला, त्या कलेला ‘प्रचार’ म्हणून बाजूला ठेवण्यात आले.

राष्ट्रीय पारितोषिकांचा आरंभही १९५४ चाच. पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. त्यांच्याच ‘महात्मा फुले’ला पुढच्या खेपेस मराठी चित्रपटासाठीचे रौप्यपदक मिळाले. त्या चित्रपटाच्या मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः गेले होते. म्हणजे विषय म्हणून आम्ही पडद्यावर लवकर आलो. कर्ता म्हणून यायला किती काळ लागला? वडार समाजातून आलेल्या नागराज मंजुळे यांनी शिकत असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला २०१० सालचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि ‘फँड्री’ला २०१३ सालचे. २०१४ सालचा सर्वोत्तम चित्रपट ठरलेल्या ‘कोर्ट’मध्ये लोकशाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. ते धंदेवाईक नट नव्हते. शाहिराचे जगणे त्यांना पाठ करावे लागले नाही. १९५४ पासून मोजले तर ही मधली अर्धी शतकाहून अधिक वर्षे कोणाच्या हौसेत गेली, हा हिशेब कोणीतरी मांडलाच पाहिजे.

आता परीक्षकांच्या त्या शेऱ्याकडे येतो. कॅमेरा हलतो म्हणजे नेमके काय होते? तेलंगणात झहीराबादजवळच्या पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायका १९९८ पासून व्हिडिओ करू लागल्या. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना आपली नावे दिली. वरून खाली पाहणारा कॅमेरा म्हणजे पटेलाचा शॉट, कारण जमीनदार असाच पाहतो. खालून वर पाहणारा तो गुलामाचा शॉट. आणि समोरासमोर, डोळ्याच्या पातळीवर धरलेला तो संघमचा शॉट, कारण संघममध्ये सगळ्या एका पातळीवर बसतात. चित्रपटशास्त्राच्या जाड ग्रंथांत कोनाचे वर्णन असते. त्या कोनामागची सत्ता या बायकांनी एका शब्दात सांगून टाकली. त्यांच्या मापाने त्या मुलाचा लघुपट पाहिला तर असे दिसते की बाप गटारात उतरला तेव्हाही मुलाने कॅमेरा वरून रोखला नाही. तो जमिनीवर पालथा पडला आणि बापाच्या डोळ्यांच्या पातळीवर आला. कोपरावर पडून धरलेला मोबाइल हलणारच. हाताने मैला उचलायला लावण्यावर कायद्याने १९९३ मध्ये बंदी आली, २०१३ मध्ये दुसरा कायदा झाला, तरी ते गटाराचे तोंड उघडेच आहे. तिथे तिपाई कुठे रोवायची, हे त्या परीक्षकांनी सांगावे.

तंत्राकडे दुर्लक्ष करा असे मी म्हणत नाही. दलित साहित्यालाही सुरुवातीला ‘अनुभव आहे, कलात्मकता नाही’ असेच ऐकवले गेले. त्यावर आपण कलात्मकतेचा तिरस्कार केला नाही. कलात्मकता ठरवणार कोण, असे विचारले. तोच प्रश्न आज चित्रफितीच्या बाबतीत विचारायचा आहे. मोबाइलमुळे तारणाचा अडसर काही अंशी दूर झाला आहे. आता अडसर आहे तो मापाचा आणि जतनाचा.

जतनाचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. मल्याळम सिनेमाच्या पहिल्या नायिकेचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. पी. के. रोझी ही दलित स्त्री. जे. सी. डॅनियल यांच्या ‘विगतकुमारन’ या मूकपटात तिने नायर स्त्रीची भूमिका केली. १९३० च्या आसपास तिरुवनंतपुरम येथे तो दाखवला गेला तेव्हा सवर्ण प्रेक्षक खवळले, आणि तिला गाव सोडून परागंदा व्हावे लागले. डॅनियल यांच्या नावाने केरळ सरकारने १९९२ मध्ये सर्वोच्च चित्रपट पुरस्कार सुरू केला. रोझीच्या नावाने चित्रपट संस्था निघाली ती २०१९ मध्ये, तीही चित्रपटात काम करणाऱ्या स्त्रियांनी काढली. त्या मूकपटाची प्रत आज कुठेही नाही. तिने पडद्यावर कसे पाहिले, हे आता कोणालाच पाहता येणार नाही.

म्हणून उत्तेजनार्थ मिळालेली मानचिन्हे घरात मांडून थांबता येणार नाही. ज्या गावात बुद्धविहार आहे, वाचनालय आहे, तिथे आपल्या पोरांनी केलेल्या प्रत्येक चित्रफितीची प्रत ठेवली गेली पाहिजे. कोणी केली, कधी केली, कोण कोण त्यात आहे, याची वहीत नोंद झाली पाहिजे. आपल्या महोत्सवांत परीक्षक म्हणून सफाई कामगार बसला पाहिजे, ऊसतोडणीची बाई बसली पाहिजे, आणि जोडीला तंत्र जाणणारा माणूसही बसला पाहिजे. बक्षीस देणारा हात बदलला तर बक्षिसाचा अर्थ बदलतो. व्हटकरांनी छापखाना गहाण टाकला तेव्हा त्यांना कोणी क्रमांक देणार नव्हते. त्यांनी चित्रण केले म्हणून ७ डिसेंबर १९५६ चा तो जनसागर आपल्याला आज डोळ्यांनी पाहता येतो. तेवढे तारण त्यांनी आपल्यासाठी ठेवून दिले आहे, आणि ते सोडवून घेण्याची जबाबदारी आपली आहे.